कृपया हात लावावा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत पाट्यांची कमतरता नाही. फुले तोडू नयेत. गेटसमोर वाहन लावू नये. दुपारी बेल वाजवू नये. या सगळ्यांत एकच पाटी काहीतरी करायला सांगते. ती तिसऱ्या मजल्यावर, श्रीधर लिमये यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलं आहे : 'कृपया हात लावावा.'

पाटीखाली जुने कॉम्प्युटर आहेत. पिवळट पडलेले डबे, फुगीर काचेचे मॉनिटर, बोटाखाली खटखट वाजणारे की-बोर्ड. सोफा होता तिथे आता टेबल आहे. लिमये एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी हा संसार मांडला. बाजारातून आणायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं आणि येईल त्याला वापरायला लावायचं.

येईल त्याला म्हणजे कोणालाही. मी एकदा तिथे बसलो असताना गॅसवाला आला.

"सिलिंडर ठेवा तिथे. आता याला जरा हात लावा."

"काका, खाली गाडी उभी हाय."

"ती उभीच राहील. लावा हात. तो काय चावतोय?"

गॅसवाला खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पडद्यावरच्या खेळातला साप वाढवू लागला. पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून सिलिंडरच्या नावाने हाका मारत राहिल्या. आतून शैलाकाकू, म्हणजे सौ. लिमये, मला म्हणाल्या, "लोक आल्यागेल्याला चहा विचारतात. आमच्याकडे आधी की-बोर्ड."

लिमये सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. नोटिसा, बहुतेक पाणी बंद असल्याच्या, ते अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापतात. त्या प्रिंटरचा आवाज पत्रा कापल्यासारखा आहे आणि तो तळमजल्यापर्यंत जातो. चेअरमनबाई एका मीटिंगमध्ये म्हणाल्या, "लिमये, नोटीस बोर्डावर लावायचे कष्ट घेऊ नका. ती किंचाळते तेव्हाच आम्ही बादल्या भरून घेतो."

कोणीतरी एकदा खिशातला मोबाइल दाखवून म्हणालं, "तुमची ही सगळी खोली यात मावते."

"मावत असेल," लिमये म्हणाले. "उघडून दाखवा."

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून जुन्या बाजारात जातात. गंजलेले नळ, तुटके पंखे आणि कॅसेटच्या ढिगातून ते सर्किटचे बोर्ड उपसून काढतात. प्रत्येक बोर्ड नाकाशी धरतात, लोक खरबूज हुंगतात तसा. जुन्या बोर्डावर घड्याळासाठी एक बॅटरी असते. ती फुटली की तिचं पाणी तांब्याच्या रेषा खात जातं, आणि त्याला आंबूस वास येतो. वास आला की लिमये बोर्ड परत ठेवतात. विक्रेत्याला सांगतात, "याला उशीर झाला."

मधल्या टेबलावरच्या एका कॉम्प्युटरवर मात्र बरीच वर्षं कापडी खोळ होती. पाटीच्या घरात तेवढ्यालाच हात लावायची सोय नव्हती. त्याबद्दल विचारलं तर लिमये प्रिंटरचा कागद सरळ करायला लागत. हकीकत सांगितली ती शैलाकाकूंनी.

नव्वदचं दशक लागलं होतं, देशाची बाजारपेठ नुकती खुली झाली होती. पौड रस्त्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. कारखान्याने जुनी यंत्रं काढून टाकली, तेव्हा लिमयांनी त्यांतलं एक घरी आणलं. त्यांचा मुलगा निखिल तेव्हा शाळेत होता. वस्तू त्याच्यासाठीच आणली होती. पण घरात आल्यावर ती बिघडेल या धास्तीने लिमयांना घेरलं. खोलीबाहेर चपला काढायच्या. हात साबणाने धुवायचे. मग कॉम्प्युटरसमोर उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि बाबा काय करतात ते बघायचं. त्या यंत्राच्या दर्शनी भागाला कुलूप होतं. किल्ली फिरवली की की-बोर्ड मुका. ती किल्ली स्कूटरच्या किल्लीबरोबर रोज कारखान्यात जायची.

"जरा मोठा झाला की देऊ, म्हणायचे," काकू म्हणाल्या. "मोठा झाला तोवर ते जुनं झालं, आणि त्याने मागायचं सोडून दिलं."

सोसायटीतली बरीच मुलं हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत लागली, तिथून परदेशी गेली. निखिल नाशिकला द्राक्षबागांना सल्ला देतो. त्याचं उत्तम चाललं आहे.

"नोकरीचं नाही हो त्यांना काही," काकू म्हणाल्या. " त्याने कधी हट्टसुद्धा केला नाही, ते टोचतं."

माळ्यावर पडलेल्या त्या यंत्राची बॅटरी फुटली होती, बोर्ड खाल्ला गेला होता. ते दुरुस्त करावं म्हणून लिमये पहिल्यांदा जुन्या बाजारात गेले. बाकीचे कॉम्प्युटर त्याचे सुटे भाग शोधताना घरात आले. त्याच जातीचा, वास न येणारा बोर्ड त्यांना मिळाला तो गेल्या दिवाळीच्या थोडं आधी. निखिल दिवाळीला येणार होता.

"तुम्ही या," लिमये मला म्हणाले. "आज तो चालवेल."

मी गेलो तेव्हा खोळ काढून घडी करून ठेवली होती. कुलपात किल्ली होती. निखिल आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, मोकळा हसणारा माणूस. त्याने चपला बाहेर काढल्या. यंत्र पाहून तो थबकला.

"बाबा, हा तोच?"

"तोच. किल्ली फिरव."

"तुम्हीच फिरवा ना. मी बघतो."

लिमयांनी किल्ली फिरवली, बटण दाबलं. पंखा घोंघावला, आकडे चढत गेले, काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकू लागली.

"वा! छान केलंत हो," निखिल म्हणाला. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. ते तिथे कधी गेले, हे त्यालाही कळलं नसावं.

"लाव हात," लिमये म्हणाले.

"आलो हं." तो मोरीकडे गेला. नळाचा आवाज आला. शैलाकाकू फराळाची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. निखिल हात पुसत परत आला.

"कुठलं दाबू?"

"कुठलंही."

त्याने एका बोटाने एक कळ दाबली. पडद्यावर अक्षर उमटलं. निखिल पडद्याकडे पाहत नव्हता. तो वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"आणखी दाब," लिमये म्हणाले. "काही होत नाही."

आणि ते टेबलापासून एक पाऊल मागे सरकून उभे राहिले. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.