तेल म्हणायचं नाही

बाळकाकांच्या पडवीत तेल हा शब्द उच्चारायला बंदी आहे. फळीवर काळपट, धुरकट वासाच्या बरण्या मांडलेल्या असतात. नवखा माणूस कौतुकानं विचारतो, "हे तेल का हो?" आणि बाळकाका पेटतात.

"तेल? तळा भजी त्यात."

मालगुंडच्या वाटेवर आमची घरं शेजारी आहेत. रंगाच्या कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त होऊन काका इथे आले आणि लाकूड भाजू लागले. बंद पिंपात, हवा लागू न देता. निघणारी वाफ नळीतून थंड केली की काळा रस पडतो, आणि त्यात शेकडो पदार्थ मिसळलेले असतात. सगळं जग त्याला तेल म्हणून मोकळं होतं, याचा काकांना संताप. "शंभर माणसं एका एसटीत कोंबली म्हणजे त्यांचं आडनाव एक होतं काय?"

ते रसात पाणी घालतात, ढवळतात आणि हात मागे बांधून बसतात. जड, चिकट भाग तळाशी जातो. तो नाटे गावचा एक होडीवाला लाकडाला फासायला नेतो. वरचं आंबट पाणी पातळ करून आंब्याच्या कलमांवर फवारायचं. पण त्या पाण्यातूनही काका मंद आचेवर आणखी काहीतरी काढायला बघत. ते काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुला काय करायचंय, शिंच्या?"

वेगळं करायची ही खोड पानावरही होती. आधी वरण, मग भात. काकू असताना हे चालत नसे. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या ठाण्याला मुलाकडे होत्या. तिकडे त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन घास खाऊन ताट सारतात, असं काका एकदा म्हणाले आणि लगेच नळी पुसू लागले.

मग लांज्यात तो मेळावा झाला. कमानीवर लिहिलं होतं, 'लाकडातून पेट्रोल'. मी जाऊ नका म्हणत होतो. पण संयोजकांनी हवा ओढून घेणारा चांगला पंप देऊ केला होता, म्हणजे रस कमी आचेवर उकळला असता. त्या आशेनं काका अख्खा कॅन घेऊन निघाले.

पंप आलाच नाही. हार आले, शाली आल्या, उन्हं कलल्यावर प्रमुख पाहुणे आले. काका कुणाला तरी थर समजावत होते, तेवढ्यात एका उत्साही संयोजकानं कॅन पातेल्यात रिकामा केला आणि गॅस मोठा केला. "साहेबांना घाई आहे, काका."

हा रस दांडगाईनं तापवला की आपसातच गोठतो. तो फुगला, फसफसला आणि पातेल्याला चिकटून बसला. पाहुण्यांनी चमच्यानं ठोकून पाहिलं आणि प्रसन्न झाले. "वा, डांबरसुद्धा होतं." त्यांनी तिथल्या तिथे रस्त्यांची घोषणा केली. टाळ्या पडल्या. काकांच्या खांद्यावर शाल पडली. इतका निर्लज्ज सत्कार मी दुसरा पाहिलेला नाही.

परतताना मी चिडून म्हणालो, "जाऊ दे, पुन्हा करू. कोकणात लाकडाला काय तोटा?"

"विहिरीजवळच्या रायवळ आंब्याचं होतं ते," काका म्हणाले. "वादळात पडला ना. त्याच्याच फांट्या तुझ्या काकूनं जन्मभर चुलीत घातल्या. शेवटचे ओंडके होते."

काका इंधन शोधतायत असंच मी आजवर समजत होतो.

घरी एका बरणीच्या तळाशी त्यातला थोडा रस उरला होता. त्यावर काका दिवसच्या दिवस बसून राहिले. निघालं ते डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीत मावलं. त्यांनी ते भेटायला आलेल्या मुलाबरोबर ठाण्याला पाठवलं आणि फोनवरून सुनेला दरडावलं, "जिभेला लावायचं नाही, नुसता वास. कापसावर एक थेंब, ताटापासून हातभर लांब."

बाटली पोचली त्या दुपारी मी पडवीत होतो. फोन स्पीकरवर लावलेला. पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला, मग सून म्हणाली, "थेंब टाकला, बाबा." काका फोनकडे बघत हात मागे बांधून उभे.

मग काकूंचा आवाज आला, इथल्या घरात असायचा तसा, कुरकुरणारा. "अहो, लाकूड जरा मागे ओढा. पेज लागतेय खाली."

काकांनी हात सोडले.

"ओढलं," ते म्हणाले. "आता जेव."