केरू अस्वलाची साक्ष

ज्या वर्षी बांबूला फुलं आली, त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाखात ही गोष्ट घडली. एका जंगलात घडली. कुठल्या, ते विचारू नका. तुमच्या घरापासून फार लांब नाही.

पोरांनो, त्या जंगलात एकच डोह होता. उन्हाळ्यात जवळपास दुसरं पाणी नव्हतं. म्हणून पाण्याला पाळी होती. पहाटे पाखरं प्यायची. मग ससे, भेकरं, हरणं. मग डुकरं. सगळ्यांची तहान भागली की दुपारी रेडे डुंबायला उतरायचे. रेडा उतरला की तळाचा गाळ वर येतो. तो रात्रभरात खाली बसायचा. पहाटे पाणी पुन्हा नितळ.

ही पाळी कोणी ठरवली, कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे पाळत होते, म्हणून ती होती.

केरू अस्वल तिथला वैद्य. कुड्याची साल, बेलाचा गर आणि थोडा मध, एवढाच त्याचा दवाखाना. वैद्य हुशार होता, पण आजारी कोणी पडत नसे. त्यामुळे तो बहुतेक वेळ मोहाच्या झाडाखाली घोरत असायचा.

आदल्या पावसाळ्यात हा केरू मधाच्या नादात दलदलीत गेला आणि गळ्यापर्यंत रुतला. सगळे काठावर उभे राहून हळहळले. भुजंगराव रेडा तेवढा आत उतरला. शिंगं पुढे केली. "धर," म्हणाला. केरूने धरली. जीव वाचला, एक पाय मुरगळला.

तेव्हापासून भुजंगराव भेटला की एकच विचारायचा, "काय वैद्यबुवा, पाय कसा आहे?"

केरू म्हणायचा, "तुमची कृपा."

उपकाराचा शब्दही भुजंगराव तोंडातून काढत नसे. नुसती पायाची चौकशी करायचा. पोरांनो, उपकार बोलून दाखवायची याहून पक्की रीत मी पाहिली नाही.

तर त्या वैशाखात भुजंगराव सासुरवाडीला जाऊन आला. येताना नवं खूळ घेऊन आला. आल्याबरोबर त्याने डोहावर पाटी लावली: 'भुजंगराव चिखलस्नान केंद्र. अंग गार, मन गार.' आसपासच्या जंगलांतले रेडे लोटले. प्रत्येकाने हिरव्या गवताचा भारा आणायचा आणि पहाटेपासून मनसोक्त डुंबायचं.

"पहाटेपासून?" डुकरं म्हणाली. "आणि आमची पाळी?"

"म्हणजे पाहुण्यांना दुपारपर्यंत काठावर तिष्ठत ठेवू?" भुजंगराव म्हणाला. "जंगलाला काही अब्रू आहे की नाही?"

अब्रूचं नाव निघालं. डुकरं गप्प बसली.

सिंह राजा म्हातारा होता. शिकार झेपत नव्हती. दिवाण तरसाने त्याला समजावलं, "महाराज, पाहुणे येणार. त्यात म्हातारेकोतारे असणार. एखादा परत जायचा राहणार."

राजाला लगेच समजलं. "प्रगती झालीच पाहिजे," तो म्हणाला.

प्रगती झाली. डोहाचं पाणी गढूळ झालं, मग घट्ट झालं. आधी ससे आजारी पडले. मग भेकरं, मग हरणं. सगळ्यांना जुलाब. केरूच्या झाडाखाली रांग लागली. माकडं लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी द्रोणात भरून आणू लागली. एका द्रोणाला ओंजळभर करवंदं मोजून घ्यायची. सशांच्या अंगात कंद उकरायचं बळ राहिलं नाही. कंदांचा बाजार ओस पडला. ज्यांना द्रोण परवडत नव्हता, ते डोहाचंच पीत राहिले.

दिवाणाने दवंडी दिली. "औषधाला खप आला! पाण्याला भाव आला! पूर्वी इथे पाणी फुकट होतं. म्हणजे धंदा शून्य. आता बघा!" आणि तो हसला. तरसच ते. तो कधी थट्टेने हसतो आणि कधी मनापासून, हे कोणालाच कळत नसे.

केरूची झोप गेली. पण झाडाखाली आंब्यांचे ढीग लागले. बायकोने मोठी गुहा पाहून ठेवली. म्हणाली, "इतकी वर्षं कुठे होते हो हे आजारी?"

केरूने पुढची साल कुटायला घेतली. तो आळशी होता, मूर्ख नव्हता. रोग कशाचा, ते त्याने केव्हाच ओळखलं होतं.

एके दिवशी राही भेकर आली. पाडसाला तिने अंगाच्या आधाराने चालवत आणलं होतं. केरूने साल पुढे केली.

"वैद्यदादा, साल नको," राही म्हणाली. "साल खाऊन पोराचं तोंड कडू झालंय. रोग कशाने होतोय, ते सांग."

"उन्हाने असेल."

"गेल्या वर्षी ऊन नव्हतं का?"

केरू कान खाजवू लागला.

"तुला माहीत आहे," राही म्हणाली. "उद्या सभा आहे. रेड्यांनी पूर्वीसारखं दुपारी उतरावं, एवढंच तू राजाला सांग. कोणाचं काही अडत नाही त्यात."

"तूच का सांगत नाहीस?"

"माझं तो कशाला ऐकेल? मी त्याचं जेवण आहे." तिने पाडसाकडे पाहिलं. "आठवडाभर हेच पाणी प्यायलं तर हा राहत नाही, दादा."

केरूने पाडसाच्या पोटावर पंजा ठेवला. पोट पाठीला लागलं होतं.

"सांगतो," तो म्हणाला. आणि खरोखर सांगायचं ठरवून तो सभेच्या तयारीला लागला. काय बोलायचं, ते झाडाला दोनदा बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी भुजंगराव आला.

"काय वैद्यबुवा, पाय कसा आहे?"

"बरा आहे."

"उद्या सभेपर्यंत चालवेल ना?"

"चालवेल."

"छान. काही जण म्हणतात, चिखल वाईट. तुम्ही तर गळ्यापर्यंत चिखलात होतात. काही झालं का तुम्हाला?"

"भुजंगराव, तुमच्याच डोहाचं पाणी—"

"मी तुमच्याकडे कधी काही मागितलं?"

"नाही."

"मागणारही नाही," भुजंगराव म्हणाला. आणि तिथेच उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. रवंथ केलं. मग गेला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. राही पुढे बसली होती. पाडस तिला टेकून होतं.

"वैद्य, बोल," राजा म्हणाला. "दोष कशाचा?"

केरू उठला. त्याने राहीकडे पाहिलं. मग भुजंगरावाकडे पाहिलं. भुजंगराव त्याच्या पायाकडे पाहत होता.

"महाराज, दोष पाण्याचा..." केरू अडखळला. त्याने अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "दोष पाण्याचा नाही. दोष पिणाऱ्यांचा आहे. चिखल पोटाला थंड. पण हे लोक भीत भीत घोटभर पितात, म्हणून बाधतो. पोटभर प्यावा."

सभा थक्क झाली. एवढा साधा उपाय कोणाला सुचला नव्हता. तरस हसला. राजाने शेपटी आपटून निकाल दिला: उद्यापासून प्रत्येकाने पोटभर प्यावं. माकडांनी झऱ्याचं पाणी तिथल्या तिथे ओतून दिलं आणि द्रोणात डोहाचा गाळ भरला. भाव वाढवला. औषध म्हटल्यावर वाढवावाच लागतो.

राही उठली. पाडसाला पुढे घालून ती डोंगराच्या वाटेला लागली. डोंगरावर झरा होता. वाटेत बिबट्या होता. दोन्ही तिला माहीत होती.

सभा पांगली. भुजंगराव केरूजवळ आला.

"फिटलं," तो म्हणाला.

"फिटलं," केरू म्हणाला.

तात्पर्य: दुसऱ्याचे उपकार कधीही बुडवू नयेत. ते फेडायला पदरचं काही मोडावं लागत नाही. शेजाऱ्यांचं पाणी पुरतं.