उंबऱ्यावर मरणारा फोन

“जे मोजता येत नाही, ते विकत घ्यायचं नाही!” असं जाहीर करून सरांनी जेवणाच्या टेबलावर दोन नवे फोन मांडले. एक काळा, एक निळा. भाच्याचं मोबाइलचं दुकान होतं, म्हणून एक दिवसाच्या बोलीवर दोन्ही मिळाले होते.

सर शाळेत गणित शिकवायचे आणि बायको गुरांची डॉक्टर. घर अशा खोलगट जागेत, की आत रेंज औषधालाही नाही. घरातले फोन चालायचे ते वाय-फायवर. उंबऱ्याबाहेर रेंज भरपूर, पण तिथे वाय-फाय पोचायचं नाही. आणि डॉक्टरीणबाईंचं काम असं, की फोन आला की बोलता बोलताच बॅग उचलायची आणि स्कूटरकडे पळायचं. उंबरा ओलांडला की फोन गप्प! मागच्याच आठवड्यात “गुंगीचं औषध” एवढं पलीकडे पोचलं आणि “देऊ नका” उंबऱ्यातच राहिलं. शेळी दीड दिवस झोपली. उठली ती ठणठणीत, पण तोवर मालकच आजारी पडला होता.

“हे फोन म्हणे चालता चालता वाय-फायवरून रेंजवर उडी मारतात,” सर म्हणाले. “कोणाची उडी चांगली, ते आज ठरणार.”

“ठरवा. पण माझं सिम का काढताय?”

“अगं, परीक्षा खरीखुरी नको का? दहा मिनिटांत परत देतो.”

“मी डोकं धुवायला चाललेय. बाहेर येईन तेव्हा जागेवर पाहिजे,” असं बजावून बाई न्हाणीघरात गेल्या.

बायकोचं सिम काळ्यात, स्वतःचं निळ्यात. आता पलीकडे अखंड बोलणारा माणूस हवा. सरांनी थोरल्या दादांना फोन लावला. दादा म्हणजे कवायतीचे निवृत्त मास्तर. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की शेजारच्या मैदानावरची पोरंसुद्धा ताठ व्हायची.

“दादा, एकपासून मोठ्याने मोजत राहा. कितव्या आकड्याला आवाज तुटतो ते मी लिहून घेतो. मी मध्ये काहीही बोललो तरी थांबायचं नाही!”

“काहीही?”

“काहीही!”

दादांनी घसा खाकरला आणि सुरू केलं. “एक! दोन! तीन!” दर दहा आकड्यांनी श्वास घ्यायला थांबायचे, की पुन्हा सुरू.

निळा फोन स्पीकरवर ठेवून, वही काखेत मारून सर निघाले. अठराव्या आकड्याला ते उंबऱ्यात पोचले. पाऊल बाहेर टाकणार, तोच खिशातला काळा फोन वाजला.

“मॅडम! गाय अडली हो!” गवळी रडकुंडीला आला होता. “पाय बाहेर आलेत, पुढे काही सरकतच नाही!”

सर तसेच न्हाणीघराच्या दाराशी धावले आणि दार बडवायला लागले. “अगं, गवळ्याची गाय अडलीय!”

“विचारा, खूर वर आहेत की खाली? आणि नाक दिसतंय का?” नळाच्या आवाजातून बाई ओरडल्या.

“खूर वर आहेत की खाली? नाक दिसतंय का?” सरांनी विचारलं.

“तेवीस! चोवीस!” उत्तर आलं. सरांनी चुकून निळा फोन तोंडाशी धरला होता! मग काळा धरून विचारलं. खूर खाली होते, नाकही दिसत होतं.

“म्हणजे वासरू सरळ आहे. हात साबणाने धुवायला सांगा. पाय धरून, खालच्या दिशेने ओढायचं. पण कळ येईल तेव्हाच! मध्ये थांबायचं!”

घाईत ते सगळं पुन्हा निळ्यातच गेलं. “हात साबणाने धुवा, पाय धरा आणि ओढा!”

तीसवर मोजणी थांबली. मग दादा म्हणाले, “कोणाचे?” आणि लगेच शब्दाला जागून, “एकतीस! बत्तीस!”

शेवटी सरांनी दोन्ही फोन तोंडासमोर धरले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. निदान एक तरी बरोबर असेल! आता गवळ्याला सर ऐकू जात होते आणि दादाही.

“कळलं साहेब, कळलं!” गवळी म्हणाला. “तुम्ही मोजा, मी ओढतो!”

“अहो, ते मोजणं वेगळं आहे...” सर म्हणाले, पण दादांच्या आवाजापुढे त्यांचं कोण ऐकतो? दादा दहा मोजत, गवळी ओढी. दादा श्वास घेत, गवळी थांबे. गायही बिचारी त्याच तालावर कळा द्यायला लागली असावी. सर घामाघूम झाले. काही वाईट झालं तर या गवळ्याला तोंड कसं दाखवायचं!

एवढ्यात केसांना टॉवेल गुंडाळून बाई बाहेर आल्या. काळा फोन हिसकावला आणि बोलत बोलत उंबरा, पायऱ्या, फाटक ओलांडून स्कूटरवर बसून गेल्यासुद्धा.

दोन तासांनी त्या परतल्या. कालवड झाली होती, दोघी सुखरूप. सरांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी वही उघडली.

“फोन कुठे तुटला?”

“कुठला फोन? अहो, मी गाय सोडवत होते!”

“म्हणजे तुटलाच नाही?”

“नसेल. आणि तुमचा निळा?”

त्या गडबडीत सर स्वतः उंबऱ्याबाहेर गेलेच नव्हते. वहीचं पान कोरं होतं. काळा घ्यायचा की निळा, हा निकाल भाच्यानेच लावला. काळ्या फोनला शेण लागलं होतं, तो परत घ्यायला भाचा तयार होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळा फोन वाजला. सरांनी उचलला.

“आमची म्हैस अडलीय. मोजणारे साहेब आहेत का?”

“बोला, मीच तो. मी गणिताचा शिक्षक आहे.”

“तुम्ही नाही हो! ते खणखणीत आवाजाचे.”

सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने निमूटपणे दादांचा नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश.