एकच नारळ

शाल आणि श्रीफळ देऊन माझा आजवर अकरा वेळा सत्कार झाला आहे. शाल एकच, नारळही तोच, आणि टाळ्या थांबायच्या आत दर वेळी दोन्ही परत घेतले गेले.

हे सत्कार घडवून आणणारे आमचे शेजारी शंकरअण्णा. मूळचे निपाणीचे, आनेकलच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्याच मजल्यावर एकटे राहतात आणि दरवर्षी जवळच्या कॉलेजातल्या मराठी विद्यार्थी मंडळाच्या नव्या पदाधिकाऱ्यांना घरी बोलावून नेतृत्व शिकवतात. नेतृत्व म्हणजे खुर्च्या मांडणं, पाहुण्याला दारातून आत आणणं आणि भाषण लांबलं की चिठ्ठी सरकवून त्याला खाली बसवणं. सरावाचा पाहुणा मी.

"तुमच्यासारखा माणूस मिळत न्हाई वो," अण्णा मनापासून म्हणत. "तुम्ही बोलाय लागला की पोरांना चिठ्ठीची प्रॅक्टिस आपोआप हुते."

सगळ्यात कडक धडा शालीचा. एखादा अध्यक्ष माझ्या खांद्यावर शाल टाकताना मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसला, की अण्णा गरजत, "तोंडाकडं बघा! शाल खुंटीला घालालाय का माणसाला?" मग पुन्हा शाल, पुन्हा टाळ्या. मी खुंटीसारखाच उभा.

यंदा माझीच लेक इरा अध्यक्ष झाली. पहिल्याच बैठकीत तिच्या कमिटीनं अण्णांचं शिबिर बंद केलं. त्याऐवजी रिसॉर्टवर जायचं. तिथे एक कोच डोळे बांधून सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर पाडणार, म्हणजे धैर्य वाढतं. अण्णांना हे सांगण्याइतकं धैर्य मात्र अख्ख्या कमिटीत मिळून निघालं नाही.

"बाबा, तुम्ही सांगा ना प्लीज. आणि मंडळाची शाल त्यांच्याकडे आहे, ती पण घेऊन या."

मी गेलो. अण्णांनी सोफा भिंतीला लावून खुर्च्यांच्या तीन रांगा मांडल्या होत्या. टेबलावर इस्त्री केलेली शाल, तिच्यावर नारळ. मी ट्रॅफिकवर बोललो, पाण्याच्या टँकरवर बोललो, लिफ्टवर बोललो. अण्णांनी मुकाट्यानं एक चिठ्ठी पुढे सरकवली. 'मुद्द्यावर या.'

आलो.

"सरी," ते म्हणाले, कन्नडातलं 'बरं'. एवढंच. आणि एकेक खुर्ची उचलून दुसरीवर चढवू लागले.

"आणि अण्णा, ती मंडळाची शाल..."

"मंडळाची?" खुर्ची हातातच राहिली. "माझी हाय वो ती. रिटायर झालो तवाची. साहेब मीटिंगात हुते. गेटवर वॉचमननं पिशवी हातात दिली, शाल आन् नारळ. त्याला लॉरी आत घ्यायची हुती. बघितलं बी न्हाई त्यानं माझ्याकडं."

मी शाल उचलली. अकरा सत्कारांचा अनुभव असूनही घडी उलटीच उलगडली. कशीबशी अण्णांच्या खांद्यावर टाकली आणि फरशीकडे बघत राहिलो.

"तोंडाकडं," अण्णा म्हणाले. गरजले नाहीत.

मी बघितलं. चार शब्द बोलावेसे वाटले, पण आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी न येताच गप्प बसलो. मग नारळ त्यांच्या हातात दिला. सुकून खुळखुळा झालेला तो नारळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि परत करायचं नाव घेईनात.