मधला भाग

बार्शीच्या चंद्रविलास टॉकीजमध्ये सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्याचा सिनेमा पाहिला, की पुढचे दोन दिवस आपल्या आयुष्यातले मधले भाग कापले जातात. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. तिकिटाच्या खिडकीवर तशी पाटीही आहे.

मधला भाग म्हणजे सिनेमात दाखवत नाहीत तो. माणूस निघाला की थेट पोचलेला असतो. जिना, रिक्षा, चपला शोधणं, वाटेत भेटलेल्याला ‘बरंय ना’ म्हणणं, यातलं काही होत नाही. पडद्यावरच्या गोळ्या आणि रक्त बाहेर येत नाहीत. बाहेर येतो तो वेग, आणि थोडी ऐट. केस विस्कटत नाहीत, कपड्यांना सुरकुती पडत नाही. अट एवढीच, की आपलं काहीतरी ठरलेलं असावं लागतं. गॅरेजवाल्या इलियासनं एकच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, पण त्याचं कशातच काही ठरत नसल्यामुळे त्याचं एक मिनिटही कापलं गेलं नाही. तो मॅनेजरशी भांडून आला.

दुसरा नियम हाताचा. कट होताना हातात जे असेल ते हातातच राहतं, आणि होतं तसंच राहतं. पतसंस्थेतल्या जाधवबाई एकदा धुण्याच्या बादलीसकट काउंटरवर हजर झाल्या. फेससुद्धा विरला नव्हता. तेव्हापासून गावातले जाणते लोक आपल्या पोरींच्या हातात सतत काहीतरी देऊन ठेवतात.

कौटुंबिक सिनेमा लागला की मधले भाग लांबतात. पण ते आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

थोरल्या अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाचा, या सगळ्याला विरोध आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्या जावयानं उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि लगेच तो जेवून, पान खाऊन, पुण्याला पोचलेला होता. अप्पा हात जोडून तसेच उभे राहिले. मग ते ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी घेऊन टॉकीजच्या मॅनेजरकडे गेले.

“आमचा मधला भाग आम्हाला परत करा,” अप्पा म्हणाले.

“अप्पासाहेब, आम्ही फक्त शो दाखवतो,” मॅनेजर म्हणाले. “मधला भाग आमच्याकडे जमा होत नाही.”

“मग जातो कुठं?”

“चौकशी करतो.”

ती चौकशी अजून चालू आहे.

आमच्या घरात मुलींना कुणी ‘नाही’ म्हणत नाही. विषयच निघत नाही. काहीही करायचं तर बैठकीत ठरतं. सगळे काका जमतात, आधी कुणाचं तरी दुखणं होतं, मग तुरीचा भाव होतो, मग चहा होतो, आणि चहानंतर विषय काढायचा अशी पद्धत आहे. माझी चुलत बहीण शैला हिला मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती. तिच्या विषयापर्यंत बैठक पोचली तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. अप्पा म्हणाले, “आमची तर काहीच हरकत नव्हती.” शैला आता घरी पापड करते आणि सिनेमे बघते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. वापीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. अप्पांनी बैठक ठेवली रविवारी दुपारी.

शनिवारी मी शैलाला घेऊन मॅटिनीला गेले.

त्या सिनेमात राखाडी कोटातला एक माणूस होता. त्याला फोन येतो. तो “बरं” म्हणतो, आणि पुढच्या क्षणी तो परक्या शहरातल्या उंच इमारतीच्या लिफ्टमधून बाहेर पडत असतो. या सिनेमांत मुलींना काय एवढं आवडतं, असं अप्पा नेहमी विचारतात. त्यांना वाटतं, मारामारी. मारामारीच्या वेळी शैला आणि मी शेंगा सोलत असतो. आम्हाला आवडतो तो “बरं” आणि लिफ्ट यांच्यामधला भाग, जो नसतो. तिथं त्याला कुणी विचारत नाही, कुठं निघालास, कुणाबरोबर, कधी येणार, जेवून जा. त्याला जे येतं ते तो करतो, आणि ते त्याला उत्तम येतं, एवढ्यावर त्याच्यासाठी दारं उघडतात. त्याचा धंदा वाईट आहे, हे आम्हालाही कळतं. पण चांगला धंदा करणाऱ्या बाईला असं चालताना कुणी दाखवलं असतं, तर आम्ही तो सिनेमा पाहिला असता. त्या माणसाला सबंध सिनेमात एकही काका नाही.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात होती. परातीत पीठ दिसलं, आणि पुढच्या क्षणी भाकऱ्यांची चळत. मला वाटलं, माझाच कट झाला असेल.

रविवारी काका जमले. चहा मीच आणायचा, असं अप्पांनी सांगितलं होतं. आई अप्पांसमोर बोलत नाही. ती दाराशी उभी राहते, लग्न झाल्यापासून. तिनं चहा गाळला, कप ट्रेमध्ये मांडले, आणि ट्रे माझ्या हातात देण्याआधी माझी प्रवासाची बॅग माझ्या खांद्याला अडकवली. पट्टा नीट केला.

“शेंगाची चटणी वरच्या कप्प्यात आहे,” ती म्हणाली. “डबा उलटा करू नको.”

मी बाहेर गेले. अप्पांनी टीपॉयवर दोन्ही पाय ठेवले होते, त्यामुळे ट्रे ठेवायला जागा नव्हती.

“ये गिरिजा. ट्रे धरून अशी समोर उभी राहा,” अप्पा म्हणाले. “चहा जरा निवू दे.”

“अप्पा, मला उद्या सकाळी वापीला हजर व्हायचंय.”

“निघेल की विषय. आधी बसवराजचा गुडघा होऊ दे.”

बसवराजकाकांचा गुडघा सुरू झाला. सोलापूरचा डॉक्टर बदला म्हणत होता, लातूरचा थांबा म्हणत होता. गुडघ्यानंतर तुरीचा भाव आला. माझे खांदे भरून आले.

“पोरीचे हात दुखत असतील रे,” नीलाआत्या कोपऱ्यातून म्हणाली.

“दुखू देत. हातात वजन आहे तोवर पोरगी घरात आहे,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “काल टॉकीजला गेली होतीस, ते कळलंय मला. म्हणून तर ट्रे दिलाय. जा की. साहेबापुढं चहाचा ट्रे घेऊन उभी राहा. एम.एस्सी. ना तू? चहावाली म्हणून ठेवून घेतील.”

काका हसले. बाबा आपल्या गुडघ्यावरची धोतराची घडी सारखी करत बसले.

“राग मानू नको,” अप्पा आवाज जरा खाली आणून म्हणाले. “माणूस मधल्या भागातच असतो बघ. येणं-जाणं, विचारपूस, घोटभर चहा. तो तुमचा कोटवाला, त्याला विचारणारं आहे का कुणी?”

“नाही. म्हणून तो पोचतो.”

“आणि मधल्या भागाचं एवढं काय वावडं आहे तुला?”

“मधल्या भागात तुम्ही बसलेले असता.”

बाबांनी मान वर केली.

“दादा,” ते हळूच म्हणाले, “विषय निघाला वाटतं.”

“निघालेला नाही,” अप्पा म्हणाले. “चहा व्हायचाय.”

मी ट्रेकडे पाहिलं. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, शैलाला बघायला पाहुणे आले तेव्हाही हाच होता. हा घेऊन नोकरीच्या पहिल्या दिवशी उभं राहायचं, याची मला लाज वाटत होती, आणि ती वाटावी म्हणूनच तो मला दिला होता. सिनेमातल्या माणसाच्या हातात कधी ट्रे नसतो. पण त्याला कुणी दिलाही नव्हता. ट्रेसकट तर ट्रेसकट, असं मी ठरवलं.

वापीच्या प्रयोगशाळेत सोमवारचे नऊ वाजत होते.

“नवीन केमिस्ट?” टेबलामागच्या बाईंनी विचारलं. त्या विभागप्रमुख पारेखमॅडम होत्या.

“हो. गिरिजा कलशेट्टी.”

“हे काय?”

“चहा. बार्शीहून.”

“सगळ्यांना पुरेल?”

“काका होते तितके कप आहेत.”

मॅडमनी एक कप उचलला, घोट घेतला, आणि हजेरीच्या मशिनवर माझा अंगठा घेतला. कपांतून वाफ येत होती. बाकीच्यांनी आपापले कप घेतले आणि कामाला लागले. एक कप उरला. “उद्यापासून कँटीनचा घेऊ,” मॅडम म्हणाल्या. “ट्रे त्या कपाटावर ठेवा. बीकर वाळवायला होईल.” त्यांनी मला पांढरा कोट दिला. मी तो घातला. त्याला एकही सुरकुती पडली नाही.

तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

“चहा कुठाय?” त्यांनी विचारलं.

“वापीत.”

“आम्ही कालपासून बसलोय इथं. चहा झाल्याशिवाय बैठक उठत नाही, माहितीय ना तुला?”

“मग दुसरा करा.”

“ज्याला सांगितलं त्यानंच आणायचा, असा नियम आहे.”

“तो नियम तुमचाच आहे, अप्पा.”

मागं बसवराजकाका गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होते.

“ठीक आहे,” अप्पा म्हणाले. “या वेळी अपवाद करतो. तुझ्या आईला टाकायला सांगतो.” त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्यांचा आवाज बदलला. “आत्ता तर दाराशी उभी होती.”

माझ्यामागं प्रयोगशाळेचं दार उघडलं. आईच्या हातात गाळणं होतं. त्याच्या तळाशी चहाचा एक थेंब पडायच्या बेतात होता. तिचे केस जागचे हलले नव्हते.

“या कोण?” पारेखमॅडमनी विचारलं.

“आई.”

मॅडमनी स्टूल पुढं सरकवलं. आईनं गाळणं सिंकमध्ये ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडून फोन घेतला.

“भावजी,” ती म्हणाली, “दूध फ्रीजमध्ये आहे. साखर खालच्या फळीवर.”

तिनं फोन मला परत दिला आणि उरलेला कप उचलला. चहा अजून गरम होता.