पादुकांना पडलेल्या भेगा

या मायबापहो, जवळ सरका. बुवा पेटीचा सूर लावून राहिले, तेवढ्यात एक कथा सांगतो.

धरमपेठेतल्या आमच्या निर्मळनाथ देवस्थानाने, पाषाणाच्या पादुका झिजू नयेत म्हणून, त्यांच्याऐवजी हात लावायला चरणस्पर्शाची काच बसवली. बोट फिरवलं की काच थरथरते, शेजारच्या भोंग्यातून घासल्याचा आवाज येतो आणि गुळगुळीत काच हाताला पाषाण वाटते. देवस्थानाने रीतसर पत्राने 'पायाच्या दगडाचा आवाज' मागवला होता. यंत्रवाल्यांनी टाच घासायच्या वजरीचा आवाज भरून दिला.

पहिल्याच गुरुवारी भाविकांनी टाहो फोडला, "देवाच्या पायाले भेगा पडल्या हो!"

चौकशी समिती बसली. तीस वर्षं पादुका पुसणाऱ्या प्रयागबाईंना नोटीस निघाली : 'श्रीचरण खरखरीत कसे झाले, याचा खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त समजावी.'

"काहून वं प्रयागबाई, तेल नाही लावत का?" अध्यक्ष आनंदरावांनी विचारलं.

"भाऊ, खऱ्या पादुकेले हात लावून पाहा ना! आरशावानी हायेत."

"त्यांना हात लावायची मनाई आहे. म्हणून तर काच आणली."

"मंग त्या भोंग्याचं तोंड बंद करा, न् काचच पाहा."

यंत्रवाल्या रितिका मॅडमनी आवाज बंद केला. आनंदरावांनी बोट फिरवलं. थरथर तीच, भेगा गायब.

"म्हणजे बाईंची चूक नाही," रितिका म्हणाली. "आवाज बदलून देते."

"थांबा मॅडम!" आनंदराव म्हणाले. "देव आपल्यापायी अनवाणी फिरला म्हणून लोक रडून राहिले, रांग चौकापार गेली. आता देवाले गुळगुळीत कसं करता?"

ठराव एकमताने झाला : 'यंत्र प्रमाण मानण्यात यावे. मूळ पादुका यंत्राशी विसंगत आढळल्याने प्रयागबाईंनी त्या सँडपेपरने घासून यंत्रानुरूप कराव्यात.'

"देवाचे पाय खरवडू? माह्यानं नाही होत गा, भाऊ." बाईंनी गाभाऱ्याची किल्ली मेजावर ठेवली. सेवा त्याच बैठकीत समाप्त झाली.

बाई आमच्या रांगेजवळूनच पायऱ्या उतरल्या. तीस वर्षं ओल्या फरशीवर उभं राहून टाचा उकलल्या होत्या. एका भेगेतून रक्त येत होतं. पण भेगांना भोंगा नव्हता, आम्हाला कशा जाणवणार? आम्ही काचेवर बोट ठेवून रडत होतो. माझ्या मागे तुम्हीच होता ना?

असो. बुवा उभे राहिले. आज देवाच्या पायाचा अभंग आला की तेवढी प्रयागबाईंची आठवण ठेवा.