चौधरी सरांचं कोपरपुराण

परवा पाचोऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी आमच्या चौधरी सरांना टॉवेल-टोपी द्यायला हात पुढे केला. सरांनी टॉवेल काखेत मारला आणि मामांचं कोपरच चाचपायला लागले. "टाइप टू होता. कोणत्या गाढवानं बसवला?" तो गाढव शेजारीच जिलबी खात होता. मी ताटावरून उठले.

हे आमचे हाडांचे डॉक्टर. जळगावात त्यांचं हॉस्पिटल आहे आणि तिथं भूल द्यायला मी जाते. माझं नशीब, दुसरं काय! मांडी मोडो, मनगट मोडो, सर जांभई देतात. कोपराचं टोक मोडलं की स्वारी खूश. पेशंटचं नाव विचारायची पद्धतच नाही. "टाइप बोला!" हाड तडकलं पण जागेवर आहे तो वन, सरकलं तो टू, सांधाच निसटला तो थ्री. त्यात पुन्हा चुरा झालाय की नाही, यावरून ए-बीची भानगड. एकदा पेशंट माझ्या भुलीत गाढ, आणि हे महाशय एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून स्वतःशीच भांडतायत. "ए म्हणावं की बी?"

"काहीही म्हणा, पण कापा एकदाचं!" मी ओरडले. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, ही तर यांची दिवाळी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि एखादी पडतेच. मेल्याला त्याचाही आनंद!

यंदा असोद्याची एक मुलगी आली आईबरोबर. मागोमाग धुळ्याहून सासूही हजर. सरांनी मुलीला हात डोक्यावर न्यायला लावला. "आता कोपर सरळ कर." दुखलं, पण तिनं केलं. म्हणजे स्नायूची ओढ शाबूत. फिल्मवर केसाएवढी रेघ. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, टाइप वन.

सासूला सुनेला उद्याच परत न्यायची घाई. तिनं लगेच विचारलं, "घरमा बठ्ठं काम पडेल शे. सकाय लई जासू ना हिले?"

मुलीनं चांगल्या हातानं आईचा पदर घट्ट धरला.

"टाइप टू," सर म्हणाले. "सहा आठवडे माहेरीच राहील. दर आठवड्याला मला दाखवायचं. हंडा उचलला आणि हाड हललं, तर जबाबदार तुम्ही."

सासू कुरकुरत एकटीच परत निघाली. सगळ्या गेल्यावर मी फिल्म सरांच्या नाकासमोर नाचवली. "डोळे फुटले का, सर? ए-बीवरून माझा जीव खाता आणि हा वन दिसत नाही? टू असेल तर ऑपरेशनच लागतं, घ्या टेबलावर, मी आत्ता भूल देते!"

"वनच आहे," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचाही वनच होता. सासू न्यायला आली आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी प्लास्टरसकट पाठवून दिली तिला. तिथं पाणी भरलं तिनं. हाड सरकलं, आणि तसंच जुळलं."

मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, "अक्का येतात का अखजीला?"

"दरवर्षी बोलावतो. म्हणते, येऊन काय करू रे भाऊ? झोक्याची दोरी धरवत नाही."